ग्राउंडला एक चक्कर

"हळू रे, हळू! पावणेदोन क्विंटलच्या खाली नाही ते. पायावर आलं तर पाय गेला समज!"

पिकअपच्या मागे उभं राहून नामदेव कडू ओरडत होता. ओरडण्याशिवाय दुसरं काही त्यानं केलं नाही. दोन फळ्या लावून ते धूड खाली घ्यायचं काम त्याचा भाचा मनोज आणि पिकअपचा ड्रायव्हर करत होते. केळी बाजारात टाकून परत निघालेली गाडी, त्यामुळे फळ्याही केळीच्या चिकानं काळ्या झालेल्या. धूड घसरत जमिनीवर आलं, तशी त्याच्या सीटखालून एक कोंबडी फडफडत निघाली आणि सरळ शेजारच्या आशाबाईच्या ओट्यावर जाऊन बसली.

"घ्या, आता कोंबडी पण सांभाळा," कौशल्या दारातून म्हणाली. तिचे हात कणकेनं भरलेले होते आणि डोकं आधीच तापलेलं होतं. "काय आहे हे?"

"गवत कापायचं मशीन. फुकट भेटलं."

"फुकट भेटलं म्हणून काहीबी घरी आणायचं का? आपल्या अंगणात चार काड्या गवत नाही!"

"अंगणासाठी नाही आणलं." नामदेवानं हात समोर केला. "ग्राउंडसाठी आणलं."

समोर नेपानगरच्या कॉलनीचं जुनं ग्राउंड पसरलं होतं. सवय म्हणून ग्राउंड म्हणायचं, एवढंच. पावसाळ्यात तिथं गुडघाभर गवत माजायचं, त्यात गाजरगवत, त्यात टाकळा, आणि टोकाला गोलपोस्टचा एकच खांब उरलेला. पोरं आता मोबाइलवर खेळत, त्यामुळे ग्राउंडबद्दल जाब विचारणारंही कुणी राहिलं नव्हतं.

मशीन म्हणजे एक बुटका ट्रॅक्टर होता. कधीकाळी लाल असावा. वर सीट, पुढे स्टिअरिंग आणि पोटाखाली फिरणारी पाती. जसोंडीकडच्या एका केळीवाल्या शेठनं फार्महाउसच्या हिरवळीसाठी ते कुठून तरी मागवलं होतं. हिरवळ एकाच उन्हाळ्यात जळून गेली आणि मशीन कडुनिंबाखाली उभं राहिलं, ते राहिलंच. त्यावर कोंबड्यांनी संसार थाटले. मनोज तिथं बोअरची मोटर दुरुस्त करायला गेला, तेव्हा शेठ म्हणाला, "ले जाना है तो ले जा, जगह खाली होगी." मनोजनं ही गोष्ट मामाकडे गंमत म्हणून सांगितली. मामा हसला नाही. त्यानं विचारलं, "बसून चालवायचं ना ते?"

हा प्रश्न मनोजनं मनावर घेतला नाही. आज त्याच्या तोंडून तो ऐकून कौशल्येनं घेतला. खुरप्यानं अंगण साफ करणारा माणूस आता ओट्यावरून उठताना भिंत धरतो, हे तिला रोज दिसत होतं. तिला खूप काही बोलायचं होतं त्या मशीनवर. पण कित्येक महिन्यांनी तिचा नवरा ताठ उभा राहून ओरडला होता. ती राग गिळून आत गेली आणि कणीक जरा जास्तच तिंबली.

नामदेव कडू म्हणजे मिलचा काटेवाला. कागदाच्या मिलमध्ये बांबूचे, रद्दीचे ट्रक येत, ते आधी काट्यावर चढत. भरलेली गाडी तोलायची, माल उतरला की रिकामी तोलायची, मधला फरक तो माल. एवढं काम करत नामदेव त्या खिडकीमागे तरण्याचा म्हातारा झाला. ऐकायला सोपं वाटतं, पण वजन वाढवायला ट्रकवाले काय काय करत ते त्यालाच माहीत. कुणी रद्दीवर पाणी मारून आणी, कुणी गठ्ठ्यांच्या मध्ये दगड दडवी, कुणाचा क्लीनर ताडपत्रीखाली मेल्यासारखा पडून राही. नामदेव खोलीतून बाहेर यायचा, गाडीभोवती एक चक्कर मारायचा, टायरांकडे बघायचा आणि म्हणायचा, "दगड काढ, मग चढव." वाद नाही, शिवी नाही. दगड निघायचाच.

रिटायर झाल्यावर काटा सुटला, पण सवय सुटली नाही. बाजारातला भोपळा, खाटकाकडची बकरी, मांडवातला नवरदेव, कुणीही समोरून गेलं की नामदेव वजन सांगून मोकळा. आशाबाईला तो एकदा चारचौघांत "ब्याऐंशी" म्हणाला. तिनं बोलणं टाकलं. पुढे रेशनच्या काट्यावर ती त्र्याऐंशी भरली, तेव्हा तर तिचा राग आणखीच वाढला. कौशल्या मात्र त्याच्या लेखी कायम बावन्न. लग्नात बावन्न, मनीषा झाली तेव्हा बावन्न आणि मनीषाला सासरी लावून दिलं त्या दिवशीही बावन्न. "तुह्यात काही चढतबी नाही, उतरतबी नाही," असं तो म्हणायचा. त्याच्याकडून मिळणारं हे सगळ्यात मोठं कौतुक होतं, आणि कौशल्येला ते कळत होतं.

अलीकडे फक्त एका माणसाच्या वजनाबद्दल तो चकार शब्द काढत नव्हता. पँटच्या पट्ट्याला त्यानं खिळा तापवून नवीन भोक पाडलं. मग आणखी एक पाडलं. पट्ट्याचं टोक आता शेपटासारखं लोंबायचं, ते तो शर्टाखाली लपवायचा. शर्टाची कॉलर मानेभोवती सैल फिरायची. कौशल्याच त्याचे कपडे धूत होती, तिच्यापासून तो काय लपवणार होता कोण जाणे.

त्या संध्याकाळी ताटात अर्धी भाकर तशीच राहिली.

"काहून ठेवली?"

"भूक नाही. वय झालं."

"वय माह्यं नाही झालं का? मी जेवून राहिली ना!" कौशल्येनं पाण्याचा तांब्या आपटला. "इथल्या डॉक्टरनं दोनदा सांगितलं, बुऱ्हाणपूरले मोठ्या दवाखान्यात नेऊन पोटाचा फोटो काढा म्हणून. तुम्ही हलून नाही राहिले."

"समाधानबी गेला होता फोटो काढाले," नामदेव म्हणाला. "चालत गेला होता."

समाधान म्हणजे त्याचा मोठा भाऊ. तो गाडीतून परत आला होता, आडवा. घरात हे वाक्य आलं की बोलणं तिथंच संपायचं, आणि नामदेव ते नेमकं त्यासाठीच वापरायचा. पण त्या दिवशी कौशल्या उठली नाही.

"मग कधी जायचं? सच्ची सांगा."

नामदेवानं दारातून बाहेर पाहिलं. अंधारात मशीन उभं होतं, टायर बसलेले, पोटात चिखल. असलं मशीन या जन्मात चालू होत नाही, हे कुणालाही दिसत होतं. त्याच्या तोंडावर कित्येक दिवसांनी हुशारी आली.

"हे चालू होऊ दे. यावर बसून ग्राउंडला एक चक्कर मारतो. पूर्ण चक्कर. मग तू म्हणशीन तिथं येतो. फोटो काढ, सुया टोच, काय करायचं ते कर."

"माह्यी शपथ?"

"तुह्यी शपथ."

आपण मोठीच सवड मिळवली, असं त्याला वाटलं. इतकी वर्षं संसार करून त्यानं बायकोला ओळखलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी तिनं मनोजला फोन लावला. "कामधंदा सोड आणि ये. ते मशीन मले चालू पाहिजे."

"मामी, तुम्हाला कशाला पायजे?"

"तू ये ना बाप्पा!"

मनोज आला. तो चांगला गलेलठ्ठ माणूस, बसला की स्टूल करकरायचं. पंपांच्या दुरुस्तीत त्याचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. पण हे असलं मशीन त्यानंही पहिल्यांदाच उघडलं. जमेल तोवर नवीन काही विकत घ्यायचं नाही, मामाच्या पेन्शनीला हात लावायचा नाही, हे त्यानं आधीच ठरवलं होतं. टायरांत हातगाडीच्या जुन्या ट्यूब गेल्या. बॅटरी एका भंगार मोटरसायकलची. टाकीत गंज होता, तर कौशल्येनं परातीत बारीक खडी धुऊन दिली, ती टाकीत भरून मनोज टाकी धरून हलवत बसला. आतला गंज तांबड्या पाण्यासारखा बाहेर येईपर्यंत हलवली, मग नामदेवानं थोडा वेळ हलवली आणि मग तो ओट्यावर जाऊन आडवा झाला. कार्बोरेटरमध्ये कुंभारमाशीनं मातीची घरं बांधली होती. कौशल्या ती घरं शिवणाच्या सुईनं, एकेक कण करून कोरत बसली.

"मामी, तुम्ही तर माझ्या दुकानात कामाला या," मनोज म्हणाला.

"बोलू नको. हात चालव."

तिला घाई झाली होती, आणि घाई कशाची ते तिनं मनोजला सांगितलं नव्हतं. रोज सकाळी ती आधी नवऱ्याकडे पाहायची आणि मग मशीनकडे. एक उतरत चाललं होतं आणि दुसरं वर येत होतं. मधे आपण कुठे तरी कमी पडू, अशी भीती तिला दिवसभर वाटायची.

सीटचा फोम उंदरांनी खाल्ला होता. तिनं जुन्या गोधडीची जाड गादी शिवून बसवली, कारण नुसत्या ओट्यावर बसताना नामदेव आताशा तोंड वाकडं करायचा. इंजिनापासून पात्यापर्यंत जाणारा पट्टा तुटला होता, तो कुठं मिळेना. "पावरलूमचा लागला तर लागेल," मनोज म्हणाला, आणि त्याला दुसऱ्या दिवशी शेतावर पंप बसवायला जायचं होतं. म्हणून तुटका पट्टा पिशवीत घालून कौशल्याच बुऱ्हाणपूरच्या बसमध्ये बसली. शनवाऱ्याच्या चौकाजवळ लूमच्या सामानाचं दुकान होतं.

"अम्मा, कितने लूम हैं घर पे?" दुकानदारानं विचारलं.

"लूम नाही. गवत कापायचं मशीन आहे, माह्या मालकाचं."

दुकानदारानं पट्टे काढून एकावर एक धरून पाहिले. एक जमला, बोटभर मोठा होता. "कस लेना, चल जायेगा," तो म्हणाला. परत येताना बस मोठ्या दवाखान्यावरून गेली. फाटकापाशी माणसं मोठाले पिवळे लिफाफे काखेत धरून उभी होती. कौशल्येनं पिशवीतला पट्टा घट्ट धरला आणि बस पुढे जाईपर्यंत दुसऱ्या बाजूला बघत राहिली.

मशीन चालू झालं ते पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी. पहिल्यांदा खोकलं, मग काळा धूर सोडला, मग मात्र नीट लागलं. मनोजनं उडी मारली. कौशल्येनं हात जोडले. नामदेव ओट्यावर बसून बघत होता. तो म्हणाला, "झालं का चालू?"

"उद्या सकाळी चक्कर," कौशल्या म्हणाली.

आशाबाई भिंतीवरून ऐकत होती. "उद्या पोळा आहे ना कौशल्या. पोळ्याच्या दिवशी बैलाले जुंपत नाहीत."

"मशीन बैल आहे का?"

पण सकाळी हीच कौशल्या पूजेचं ताट घेऊन मशीनसमोर उभी. कॉलनीत बैल कुणाकडेच नव्हते. कुणी मातीचे पुजत, कुणी स्कूटर पुजे. तिनं मशीनच्या तोंडावर कुंकू लावलं, स्टिअरिंगला झेंडूची माळ घातली, बॉनेटवर पुरणपोळीचा नैवेद्य ठेवला. "पुजायचंबी आणि जुंपायचंबी, असं कसं चालीन?" आशाबाईनं विचारलं. आणखी एक दिवस थांबायची कौशल्येची ताकद नव्हती, एवढंच खरं होतं.

बरीच माणसं जमली. मनोजनं आधी स्वतः बसून मशीन ग्राउंडच्या कडेला नेलं, थोडं गवत कापून दाखवलं. कापलेल्या गवताचा वास सुटला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग तो उतरला आणि म्हणाला, "या मामा. ब्रेकवर पाय ठेवा, चाबी फिरवा, हळूच पाय सोडा. बस्स."

नामदेव धुतलेला पांढरा शर्ट घालून आला होता. तो गोधडीच्या गादीवर बसला. चावी फिरवली, मशीन लागलं. त्यानं ब्रेकवरचा पाय सोडला, आणि मशीन बंद पडलं.

"होते असं. परत करा."

परत केलं. परत बंद. तिसऱ्यांदाही पाय सुटला की मशीन गप्प. मनोजनं प्लग पाहिला, पेट्रोल पाहिलं, स्वतः बसून चार हात पुढे नेऊन आणलं. त्याच्याखाली ते मुकाट्यानं चालत होतं. नामदेव बसला की बंद.

"मशीनले भाऊ पसंत नाही!" कुणी तरी म्हणालं आणि सगळे हसले. नामदेवही हसला. "आशाबाईले बसवून पहा," दुसरा म्हणाला, आणि आशाबाई पदर खोचून खरंच बसली. मशीन तिला घेऊन ठुमकत निघालं. ती किंचाळली, बायका लोटपोट झाल्या. "पाहा, मी म्हणत होती, पोळ्याच्या दिवशी जुंपू नका!" असं ती उतरताना म्हणाली, पण तिचा चेहरा खुलला होता.

मनोज हसत नव्हता. त्यानं सीट पुढे उलटी केली. गोधडीची गादी काढून ठेवली. सीटखाली एक स्प्रिंग होती आणि स्प्रिंगच्या बुडाशी एक छोटा काळा खटका. त्यानं मशीन चालू करून खटका अंगठ्यानं दाबला, सोडला. सोडला की मशीन बंद.

"काय आहे रे ते?" नामदेवानं विचारलं.

"काही नाही मामा. सेफ्टीचा खटका आहे. वर माणूस बसला का नाही ते पाहते. कोणी बसलं नसन तर मशीन बंद करून टाकते." मनोजनं मान वर केली नाही. "स्प्रिंगला जंग लागलाय ना, कडक झाली. म्हणून."

"किती वजनाले दबते?"

"आता ते कसं सांगू मामा."

नामदेव खटक्याकडे बघत राहिला. मग तो वळला. "कौशल्या, तू बस."

कौशल्या एक पाऊल मागे सरली. "मी कशाला? मले नाही येत."

"बस म्हणतो ना."

हा आवाज काट्यावरचा होता. त्यापुढे ट्रकवाल्यांचं काही चालत नसे, तिचं काय चालणार होतं! ती नुसत्या पत्र्याच्या सीटवर बसली. मनोजनं चावी फिरवली. आयुष्यात या बाईनं कधी असं काही मागितलं नसेल. त्या वेळी मात्र तिनं मनापासून मागितलं, की बंद पड. तिनं अंग चोरलं. स्टिअरिंगला हात देऊन स्वतःला जेवढं उचलता येईल तेवढं उचललं. जिच्यासाठी तिनं सुईनं माती कोरली, त्या मशीननं बंद पडावं म्हणून ती देवाला विनवत होती. मनोजनं हळूच ब्रेक सोडला. मशीन चालू राहिलं. तिला घेऊन ते सरळ, शहाण्यासारखं पुढे गेलं.

"बावन्न," नामदेव म्हणाला.

लोकांना अर्थ लागला असेल, नसेल. बायका पोळ्या करायच्या राहिल्यात म्हणत हळूहळू निघाल्या. आशाबाई तेवढी राहिली. तिनं पदर तोंडाला लावला होता.

मनोजनं पक्कड काढली. "मामा, टेन्शन मत लो. या दोन वायरी एकमेकींना जोडतो, खटका बाद. मग कोणीही बसो. एक मिनिटाचं काम आहे."

"नको जोडू."

"अहो पण—"

"मी मधातच पडलो तर?" नामदेव शांतपणे म्हणाला. "खाली पाती फिरून राहिली. मी पडलो तर मशीन थांबाले पाहिजे का नाही?"

मनोजच्या हातातली पक्कड तशीच राहिली. पडण्याची गोष्ट नामदेवानं पहिल्यांदा तोंडातून काढली होती. इतके दिवस सगळं घर ज्याच्या भोवतीनं चालत होतं, ते त्यानं उघड्या ग्राउंडवर, पांढऱ्या शर्टात, सरळ सांगून टाकलं. कौशल्येला वाटलं, तो रडला असता तर बरं झालं असतं. निदान काय करायचं ते तरी कळलं असतं.

ती घरात गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या दोन्ही हातांत पाटा होता, चटणी वाटायचा, तिच्या आईनं लग्नात दिलेला. त्याच्या वजनानं ती वाकली होती. मनोज धरायला धावला, तिनं दिला नाही.

"बसा," ती नवऱ्याला म्हणाली.

नामदेवानं पाट्याकडे पाहिलं. त्याच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. "दगड ठेवून वजन वाढवतेस? मले? जिंदगीभर मी हेच पकडलं कौशल्या."

"आज पकडू नका." पाटा धरूनच ती पुढे झाली. "मी पाया पडते तुमच्या. आज नका पकडू."

नामदेव सीटवर चढला. मनोजनं गोधडीची गादी परत खाली घातली. कौशल्येनं पाटा त्याच्या मांडीवर ठेवला आणि त्यानं तो डाव्या हातानं पोटाशी धरला, बाळाला धरतात तसा. चावी फिरली. पाय सुटला.

मशीन चाललं.

ग्राउंडच्या कडेकडेनं ते निघालं. गवत आडवं पडत गेलं, मागे हिरवा पट्टा उघडा होत गेला. मनोज शेजारून चालत होता, हात अर्धवट पुढे केलेला. नामदेव सरळ बघत होता. गोलपोस्टच्या खांबापाशी त्यानं स्टिअरिंग वळवलं आणि मशीन पलीकडच्या बाजूला लागलं, तिथून त्याचा फक्त पांढरा शर्ट दिसत होता.

कौशल्या नैवेद्याचं ताट धरून उभी होती. चक्कर पूर्ण झाली की तो दवाखान्यात येणार होता. याचसाठी तर सगळं केलं होतं. आणि आता तिला वाटत होतं, हे ग्राउंड संपू नये. मशीननं असंच फिरत राहावं, तो दिसत राहावा, लहान दिसला तरी चालेल. इतकं कळतं तर आधीच ओढून का नेलं नाही, आणि कळतं तर आता न्यावंसं का वाटत नाही, हे ती स्वतःलाच विचारत होती. ताटातल्या पोळीवर माशा बसत होत्या, त्या तिनं हाकलल्या नाहीत.

मशीन निघाल्या जागी परत आलं. नामदेवानं स्वतःच चावी बंद केली. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता आणि पाठीचे मणके मोजता येत होते. पाटा मनोजनं उतरवून घेतला. मामाला उतरवताना मात्र त्यानं फार जोर लावला नाही, लागला नाही.

"झाली चक्कर," नामदेव म्हणाला. "उद्या सकाळची बस पाहू."

"उद्या सणाची कर आहे हो भाऊ," आशाबाई घाईनं म्हणाली. "पोळ्याच्या करीले कोणी गावाले निघत नाही."

"हाव ना," कौशल्या एकदम बोलली. पोळ्याच्या दिवशी बैल जुंपणारी बाई करीला चिकटली. "उद्या नको. परवा जाऊ. नाहीतर सोमवारी. मनीषाले बोलावून घेऊ, मग जाऊ."

"उद्याच," नामदेव म्हणाला. "बोललो होतो ना."

त्या दिवशी त्यानं अर्धी पुरणपोळी खाल्ली. तिच्यासाठी खाल्ली, हे तिला दिसलं.

सकाळी दोघं निघाले, तेव्हा ऊन यायचं होतं. पिशवी कौशल्येकडे होती. ग्राउंडभोवती कापलेल्या गवताचा एक पट्टा गेला होता, आत सगळं तसंच उभं. मशीन ओट्यापाशी होतं. स्टिअरिंगवरची माळ सुकली होती आणि सीटवर पाटा ठेवलेला होता. आदल्या दिवशी मनोजनं तो तिथंच ठेवला होता आणि कौशल्येला तो घरात न्यायचा धीर झाला नव्हता.

नामदेव थांबला. सवयीप्रमाणे मशीनभोवती एक चक्कर मारली. हळूहळू, एक हात बॉनेटवर ठेवून.

"पाटा काढ," तो म्हणाला. "असं वजन ठेवलं तर स्प्रिंग दबून ढिली पडीन. मग कोणी बसलं तरी चालीन ते. तसं नको. मले परत आल्यावर दगडाशिवाय बसून पाहायचं आहे."

रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला. कौशल्येनं पिशवी खाली ठेवली, पाटा उचलून ओट्यावर नेला आणि पदरानं सीट पुसून घेतली.